ऑस्ट्रेलियाला ऑस्ट्रेलियात हरवणारा प्युइग ओबेर

पश्चिमवारा

जून १९५१. सिडनी क्रिकेट ग्राउंडवर साठ हजारांवर लोक जमले होते. खेळ मात्र क्रिकेटचा नव्हता, रग्बी लीगचा होता. ऑस्ट्रेलियाने आदल्याच वर्षी ग्रेट ब्रिटनला हरवून तीस वर्षांनी ॲशेस परत मिळवली होती (रग्बी लीगमध्येही ॲशेस असते). कर्णधार क्लाइव्ह चर्चिल, तिथला त्या काळचा सगळ्यात लाडका फुलबॅक (सगळ्यांच्या मागे उभा राहणारा खेळाडू). समोर फ्रान्स. फ्रान्सचा रग्बी लीग संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर पहिल्यांदाच आला होता, त्यामुळे पाहुण्यांकडून फार कोणाच्या अपेक्षा नव्हत्या.

फ्रान्सने तो सामना २६-१५ असा जिंकला.

फ्रान्सचा कर्णधारही फुलबॅकच होता. ठेंगणा, अंगाने भरलेला, खेळाडू वाटूच नये अशा बांध्याचा. नाव रोबेर ओबेर प्युइग, पण जगाला माहीत झाला प्युइग ओबेर या उलट्या नावाने. गावाकडचे लोक त्याला 'पिपेत' म्हणत. सतत तोंडात असणाऱ्या सिगरेटवरून ते नाव पडलं होतं. सामना चालू असताना, चेंडू पलीकडच्या टोकाला असला की तो गोलपोस्टला टेकून प्रेक्षकांनी दिलेली सिगरेट ओढायचा असे किस्से आजही सांगतात. टॅकल (समोरच्याला धरून पाडणं) करायचा त्याला मनापासून कंटाळा, हेही सगळ्यांना ठाऊक.

पण बूट चेंडूला लागला की सगळं विसरायला व्हायचं. चेंडू मातीत उभा करायचा, पाठ फिरवून दोन-चार पावलं मागे जायचं आणि फारशी नजरही न लावता मारायचा. धावता धावता लांबून ड्रॉप गोल (हातातला चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेला गोल) मारणं ही त्याची खासियत.

मला त्या दौऱ्याचे आकडे फार आवडतात, कारण ते स्वतःच गोष्ट सांगतात. तेव्हा ट्रायला (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) ३ गुण मिळत आणि गोलला (लाथेने चेंडू गोलपोस्टच्या मधून, आडव्या दांडीवरून मारणं) २. पहिल्या कसोटीत फ्रान्सचे २६ गुण म्हणजे ४ ट्राय आणि ७ गोल. दुसरी कसोटी ब्रिस्बेनला, ती ऑस्ट्रेलियाने २३-११ जिंकली. त्यातले फ्रान्सचे ११ म्हणजे १ ट्राय आणि ४ गोल. तिसरी पुन्हा सिडनीला, ६७ हजार लोकांसमोर: फ्रान्स ३५, ऑस्ट्रेलिया १४. यात ७ ट्राय, ७ गोल. तिन्ही मिळून १८ गोल, आणि अठराच्या अठरा प्युइग ओबेरचे. मालिका २-१. संपूर्ण दौऱ्यात त्याने एकट्याने दोनशेहून जास्त गुण केले. वर्षअखेरीस 'लेकिप' या क्रीडा दैनिकाने त्याला फ्रान्सचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवलं. सायकलपटू, मुष्टियोद्धे, धावपटू या सगळ्यांना मागे टाकून.

मला या माणसाबद्दल लिहावंसं वाटलं ते फक्त या गोलांमुळे नाही. तो सोळा वर्षांचा असताना त्याच्या देशाच्या सरकारने हा खेळच बंद करून टाकला होता. त्यानंतर दहाच वर्षांत तो खेळ सिडनीला जाऊन जिंकला. त्याची कारकीर्द या दोन गोष्टी एकत्र धरूनच वाचायला हवी. बंदीबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, हे आधीच लांबलं आहे.

रेवा

सुंदर सुरुवात! या खेळाडूचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. एक मूलभूत प्रश्न: रग्बी आणि रग्बी लीग हे वेगळे खेळ आहेत का? मला वाटायचं लीग म्हणजे आयपीएलसारखी स्पर्धा.

पश्चिमवारा

@रेवा, वेगळे खेळ आहेत. ज्याला आपण नुसतं रग्बी म्हणतो ते रग्बी युनियन, १५ खेळाडूंचं. रग्बी लीग १३ खेळाडूंचं. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला क्लबांची बैठक झाली आणि फूट पडली. तिथले खेळाडू खाणीत, गिरण्यांत काम करणारे. शनिवारी खेळायला गेलं की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी असं उत्तरेच्या क्लबांचं म्हणणं, आणि खेळ हौसेचाच राहिला पाहिजे असं लंडनच्या मंडळींचं. उत्तरेचे क्लब बाहेर पडले आणि हळूहळू नियमही बदलत गेले. लीगमध्ये खेळाडूला धरून पाडलं की तो उठतो, चेंडू टाचेने मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू. आज सहा टॅकलनंतर चेंडू समोरच्या संघाला द्यावा लागतो. प्युइग ओबेरच्या काळात अशी मर्यादाच नव्हती, एखादा संघ चेंडू घेऊन बसला की बसला. अशा खेळात हातात आलेली प्रत्येक पेनल्टी सोन्याची. गोल मारणाऱ्याची किंमत किती असेल बघा.

आता बंदी. १९३१ साली ब्रिटिश युनियन संघटनांनी फ्रान्सला पाच देशांच्या स्पर्धेतून बाहेर काढलं. कारण फ्रेंच क्लब खेळाडूंना चोरून पैसे देतात आणि मैदानावर मारामाऱ्या करतात. या पोकळीत रग्बी लीग शिरलं. ३१ डिसेंबर १९३३ ला पॅरिसच्या पेर्शिंग मैदानावर ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांचा प्रदर्शनीय सामना झाला. युनियनने बाहेर काढलेला जाँ गालिया हा खेळाडू पुढे आला, त्याने १९३४ मध्ये खेळाडू गोळा केले आणि फ्रान्समध्ये हा खेळ उभा केला. दक्षिण-पश्चिम फ्रान्समध्ये तो वणव्यासारखा पसरला. १९३९ पर्यंत फ्रान्सने इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवून युरोपियन स्पर्धा जिंकलेली होती.

मग युद्ध, जर्मनीकडून पराभव आणि जर्मनांशी जुळवून घेणारं, विशी गावातून चालणारं मार्शल पेतँचं फ्रेंच सरकार. डिसेंबर १९४१ मध्ये पेतँच्या सहीने फर्मान निघालं: रग्बी लीगची संघटना विसर्जित, तिची मालमत्ता जप्त. सरकारला पैशाच्या खेळाचा तिटकारा होता, आणि युनियनच्या पुढाऱ्यांचं वजन सरकारदरबारी होतं. मैदानं, पैसा, सगळं गेलं. युद्ध संपल्यावर खेळाला परवानगी मिळाली, पण मालमत्ता परत मिळाली नाही. आणि त्या खेळाने स्वतःला 'रग्बी' म्हणायचं नाही, 'तेरांचा खेळ' म्हणायचं, हे बंधन थेट १९९० च्या दशकापर्यंत राहिलं.

शेंगोळे

थांबा थांबा. म्हणजे १९५१ ला ऑस्ट्रेलियाला हरवून आलेल्या संघाला आपल्याच देशात आपल्या खेळाचं नाव लावायची मुभा नव्हती?

हे वाचून खरंच संताप आला. जर्मनांनी बंदी घातली असती तर समजू शकलो असतो. हे तर घरच्याच लोकांनी केलं.

पश्चिमवारा

@शेंगोळे, अगदी बरोबर. आणि प्युइग ओबेरच्या आयुष्यात ही गोष्ट सरळ दिसते. जन्म २४ मार्च १९२५, जर्मनीतल्या आंडरनाख गावी. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्य ऱ्हाईनच्या काठी होतं, तो काळ. वाढला मात्र पेर्पिन्याँकडे, स्पेनच्या सीमेलगतच्या कातालान मुलुखात. बंदी आली तेव्हा सोळाचा. मग खेळायचं काय, तर युनियन. १९४४ साली पेर्पिन्याँच्या संघाने युनियनचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात हा होता. वय एकोणीस. फ्रान्स मुक्त झाला, लीग पुन्हा सुरू झालं आणि हा तडक कार्कासोनच्या लीग क्लबात. १९४५ साली कार्कासोन विजेता. म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत दोन वेगवेगळ्या रग्बींचा राष्ट्रीय विजेता!

कार्कासोनने पुढे १९४६, १९५०, १९५२ आणि १९५३ लाही अजिंक्यपद जिंकलं. शहर लहान, जुन्या किल्ल्यासाठी प्रसिद्ध, आजूबाजूला द्राक्षांचे मळे. त्या लहान शहराने दहा वर्षं देशावर राज्य केलं.

राष्ट्रीय संघाकडून तो ४६ सामने खेळला. त्यातला १९४९ चा वेम्बलीचा सामना मुद्दाम सांगतो: फ्रान्स १२, इंग्लंड ५. वेम्बलीवर इंग्लंडला हरवणारा हा पहिला फ्रेंच संघ, कुठल्याही खेळातला. फुटबॉलवाल्यांच्या आधी या 'तेरां'नी ते करून दाखवलं.

जुना_चढाईपटू

लेख मनापासून आवडला. तरी एक शंका मांडतो, राग नसावा. जो माणूस टॅकल करत नाही तो फुलबॅक म्हणून थोर कसा? फुलबॅक म्हणजे शेवटची भिंत ना? तुम्ही त्याच्या गोलांवर फार भाळला आहात असं वाटतं. मी अनेक वर्षं कबड्डी खेळलो. आमच्याकडे एखादा पकडीला हात घालत नसेल तर त्याला सातांत जागाच नसते. खेळाचा अर्धा भाग सोडून देणाऱ्याला डोक्यावर घेऊ नये.

अंजनवेल

@जुना_चढाईपटू, तुमच्याच खेळातलं उदाहरण घेते. हुकमी चढाईपटूला बचावाच्या वेळी संघ सांभाळून उभं करतो की नाही? त्याने उगाच पकडीत उडी मारून बाद होऊ नये, पुढच्या चढाईला मैदानात असावा म्हणून कोपऱ्यातले पकडपटू जबाबदारी उचलतात. फ्रान्सच्या त्या संघात एली ब्रूस आणि एदुआर पोन्सिने यांच्यासारखे फॉरवर्ड (पुढच्या फळीतले दणकट खेळाडू) होते, ते भिंत उभी करायचे. १८ गोल म्हणजे ३६ गुण आहेत हो! तीन सामन्यांत फ्रान्सचे एकूण ७२ गुण झाले. बरोबर निम्मे एका माणसाचे.

शेंगोळे

हा हिशेब भारी आहे. २६ + ११ + ३५ = ७२. खरंच निम्मे.

जुना_चढाईपटू

@अंजनवेल, हुकमी चढाईपटूला सांभाळतात हे मान्य. पण तो वेळ आली तर पकडीत उतरतो. टाळणं आणि सांभाळून राहणं यात फरक आहे. निम्मे गुण हा आकडा मात्र जबरदस्त आहे, त्यावर वाद घालत नाही.

पश्चिमवारा

@जुना_चढाईपटू, शंका अगदी योग्य आहे. त्याच्या काळातही ती घेतली जायचीच. मला स्वतःला असं वाटतं की त्याचा खेळ फुलबॅक या जागेच्या तेव्हाच्या व्याख्येत बसतच नव्हता. समोर चर्चिल होता. तो टॅकलही जबर करायचा आणि मागून धावत येऊन आक्रमणही करायचा, आणि आजचा फुलबॅक त्याच्याच वाटेने गेला आहे. प्युइग ओबेर दुसऱ्याच वाटेचा. मागे उभं राहून सगळं मैदान वाचायचं, समोरच्याने मारलेला चेंडू परत कुठे पाठवायचा हे आधीच ठरवायचं, आणि पेनल्टी मिळाली की पारडं फिरवायचं. समोरच्या संघाला आपल्या अर्ध्यात चूक करायचीच भीती बसायची, कारण चूक म्हणजे दोन गुण. ती भीती हीसुद्धा एक भिंतच आहे.

आणि एकट्याने सगळं केलं असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्या संघातली नावं एकदा तरी घ्यायलाच हवीत. जाँ दोप, चेंडू लपवण्यात आणि समोरच्याला चकवण्यात पटाईत हाफबॅक. विंगवर रेमों काँत्रास्तँ आणि व्हँसाँ कांतोनी. सेंटरला जाक मेर्के. जो क्रेस्पो. मार्गदर्शक बॉब सामातान आणि जाँ द्युओ. चेंडू हातात आला की लगेच मोकळ्या जागेकडे पाठवायचा, पाडलं जायच्या आधी दुसऱ्याकडे द्यायचा, असा त्यांचा खेळ. ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांनी असं रग्बी लीग पाहिलेलंच नव्हतं आणि हरूनही त्यांनी या संघाला डोक्यावर घेतलं. दौरा निर्विवाद नव्हता. पुढे न्यूझीलंडमधली कसोटी ते १५-१६ अशी एका गुणाने हरले. पण मायदेशी परतल्यावर मार्सेच्या रस्त्यांवर त्यांची जी मिरवणूक निघाली तिला प्रचंड गर्दी लोटली होती.

रेवा

विश्वचषक वगैरे होता का तेव्हा?

पश्चिमवारा

@रेवा, होता, आणि तो याच लोकांनी सुरू केला! रग्बी लीगचा पहिला विश्वचषक १९५४ साली फ्रान्समध्येच झाला. फ्रेंच संघटनेचा अध्यक्ष पोल बारियेर याने ही कल्पना लावून धरली. युनियनचा विश्वचषक यायला १९८७ उजाडलं, म्हणजे तेहेतीस वर्षांनी. ज्या खेळाची तिजोरी सरकारने रिकामी केली होती त्या खेळाने बंदीनंतर तेरा वर्षांत जगाला बोलावून विश्वचषक भरवला. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत अभिमानास्पद गोष्ट वाटते.

चारच संघ होते. फ्रान्सने न्यूझीलंडला पॅरिसमध्ये २२-१३ हरवलं, तुलूजला ग्रेट ब्रिटनशी १३-१३ बरोबरी केली, नाँतला ऑस्ट्रेलियाला १५-५ असं हरवलं. गुण बरोबरीत असल्यामुळे १३ नोव्हेंबरला पॅरिसच्या पार्क दे प्रँसवर ग्रेट ब्रिटनशी निर्णायक सामना झाला. तीस हजारांवर प्रेक्षक होते. ब्रिटनचे अनेक नावाजलेले खेळाडू आलेच नव्हते, डेव्ह व्हॅलेंटाइनच्या नेतृत्वाखाली नवखा संघ आला होता. आणि तोच जिंकला, १६-१२. कर्णधार प्युइग ओबेरचे तीन गोल, कांतोनी आणि काँत्रास्तँचा एकेक ट्राय.

फ्रान्स १९६८ लाही अंतिम सामन्यात पोहोचला आणि ऑस्ट्रेलियाकडून हरला. विश्वचषक त्यांना आजवर मिळालेला नाही. १९५४ चा तो सामना हीच खरी संधी होती असं मला राहून राहून वाटतं.

अंजनवेल

तो चषक पुढे चोरीला गेला होता ना? कुठेतरी वाचलंय.

पश्चिमवारा

@अंजनवेल, हो. १९७० च्या स्पर्धेच्या वेळी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या हॉटेलातून गेला, आणि वीस वर्षांनी सापडला. आता तो बारियेरच्या नावाने ओळखला जातो.

तुलूजकर

हा धागा आज दिसला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. नोकरीनिमित्त तुलूजला राहतो (इथे विमान उद्योगामुळे मराठी माणसं बऱ्यापैकी आहेत). या शहरात युनियनचा क्लब म्हणजे दैवत. लाल-काळे झेंडे गल्लोगल्ली. लीगचा क्लबही आहे, तुलूज ऑलिंपिक, पण माझ्या ऑफिसातल्या कित्येक फ्रेंच सहकाऱ्यांना त्याचा सामना कधी आहे हेही माहीत नसतं. पश्चिमवारा यांनी १९४१ बद्दल जे लिहिलंय त्याचा परिणाम इथे आजही दिसतो. एखाद्या खेळाची मैदानं, पैसा आणि शाळांतलं स्थान एकदा काढून घेतलं की पुढच्या पिढ्या त्याच्याकडे वळतच नाहीत. लीगवाल्यांचा इथे खेळाइतकाच जुन्या अन्यायाच्या आठवणीवर जीव आहे. एका वयस्कर शेजाऱ्यांकडे विषय काढला तर ते पेतँचं नाव अजून रागाने घेतात.

तरी खेळ जिवंत आहे. पेर्पिन्याँचा कातालान्स ड्रॅगन्स २००६ पासून इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये खेळतो. २०१८ ला त्यांनी वेम्बलीवर वॉरिंग्टनला २०-१४ हरवून चॅलेंज कप जिंकला. इंग्लंडबाहेरच्या क्लबाने तो चषक पहिल्यांदाच नेला. प्युइग ओबेरचा १९४९ चा वेम्बली विजय मला या धाग्यामुळेच कळला. तो माहीत असता तर २०१८ चा सामना अजून वेगळ्या नजरेने पाहिला असता.

२०२५ चा विश्वचषक फ्रान्सला मिळाला होता, तोही २०२३ मध्ये रद्द झाला. सरकारने आर्थिक हमी दिली नाही. जिथे पहिला विश्वचषक झाला त्याच देशात. लीगवाल्या लोकांना याचं फार वाईट वाटलं.

शेंगोळे

२०२५ चं वाचून पुन्हा संताप. निवृत्तीनंतर या प्युइग ओबेरचं काय झालं?

पश्चिमवारा

@शेंगोळे, खेळणं थांबलं तरी तो खेळाशी जोडलेला राहिला, राष्ट्रीय संघाची निवड आणि मार्गदर्शन यातही होता. शेवटपर्यंत कार्कासोनचाच राहिला. ३ जून १९९४ ला तिथेच गेला, वय ६९. २०१३ साली रग्बी लीगच्या आंतरराष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

त्याच्यानंतरही फ्रान्स एकदम संपला नाही. १९५५ ला मेर्केच्या नेतृत्वाखाली गेलेल्या संघानेही ऑस्ट्रेलियात मालिका २-१ जिंकली, तेव्हा प्युइग ओबेर नव्हता. म्हणजे १९५१ हा योगायोग नव्हता. त्या संघात कार्कासोनचाच जिल्बेर बेनॉस होता, वयाने सात वर्षांनी लहान. त्याच्यावर कोणी लिहिलं तर मला फार आवडेल. १९७८ ला मायदेशात ऑस्ट्रेलियाला दोन्ही कसोट्यांत हरवलं, कार्कासोनला १३-१० आणि तुलूजला ११-१०. त्यानंतर ऑस्ट्रेलियाविरुद्ध विजय नाही.

@तुलूजकर, तुमच्या प्रतिसादासाठी विशेष आभार. 'जुन्या अन्यायाच्या आठवणीवर जीव' हे तुम्ही लिहिलंत ते मला नेमकं वाटतं, पण एक जोडतो. ही माणसं नुसती अन्याय आठवत बसली असती तर १९५१ झालंच नसतं. ते आधी खेळले, आणि फार सुंदर खेळले.

जुना_चढाईपटू

टॅकलबद्दलचं माझं मत कायम आहे. पण कर्णधार म्हणून मान्य. बंदीतून आलेल्या पोरांना घेऊन सिडनीला जायचं, दुसरी कसोटी हरल्यावर तिसरीत ३५ गुण करायचे, हे नुसत्या बुटाने होत नाही. संघ त्याच्यासाठी खेळत असणार.

रेवा

@तुलूजकर, आम्ही पुढच्या उन्हाळ्यात बार्सेलोनाला जाणार आहोत. तिथून पेर्पिन्याँ जवळ आहे असं नकाशात दिसतंय. लीगचा सामना बघता येईल का? मुलगा बारा वर्षांचा आहे, शाळेत रग्बी खेळतो.

तुलूजकर

@रेवा, नक्की बघा. बार्सेलोनाहून पेर्पिन्याँला थेट वेगवान रेल्वे आहे, सीमा ओलांडली की आलंच. सुपर लीगचा हंगाम फेब्रुवारीपासून शरद ऋतूपर्यंत चालतो, त्यामुळे उन्हाळ्यात सामने असतात. ड्रॅगन्सचं मैदान जिल्बेर ब्र्युत्यूस, शहरातच आहे. फक्त तारीख आधी बघून घ्या, कारण एक आड एक सामने इंग्लंडमध्ये असतात. लाल-पिवळा कातालान रंग घालून गेलात तर मुलाला अजून मजा येईल. वेळ असेल तर कार्कासोनही करा, किल्ला तर सगळेच बघतात, पण आल्बेर दोमेक मैदानही बघून या. १९७८ चा तो १३-१० चा सामना त्याच शहरात झाला होता.